दयाळाची शीळ

डोंगराखालच्या मोहाच्या झाडाखाली फुलं खायला रोज रात्री एक अस्वल येऊन बसे. मालगुजार दिगंबररावांनी फर्मावलं, "जो अस्वल हटवील, त्याचं झाड! माझे आठ भालेकरी ते हटवतील. मग गावानं फुलांना हात लावायचा नाही."

फुलं गेली तर अर्धा उन्हाळा रैनाबाईची चूल थंड राहणार होती. ती पुढे झाली. "मालक, माझा राखणदार एकटाच आहे. मूठभर पाखरू, दयाळ."

"अस्वलापुढे पाखरू?" दिगंबरराव पोट धरून हसले. पण खरंच काय होतं, ते बघायला पहाटे स्वतः आले.

भालेकऱ्यांनी ढोल बडवले, पलिते नाचवले. अस्वल एकदाच गुरगुरलं आणि मालकांसकट सगळे शेजारच्या झाडांवर चढले. रैनाबाई लांब बांधावर मांडीवर टोपली घेऊन बसून राहिली. दयाळ बोलल्याशिवाय गावातल्या बाया मोहाखाली पाऊल टाकत नसत.

पूर्वेला फटफटलं. शेंड्यावरून दयाळानं शीळ घातली. अस्वलानं मान वर केली, अंग झाडलं आणि मुकाट्यानं डोंगराची वाट धरली.

"हे काही खरं नाही!" दिगंबरराव फांदीवरून ओरडले. "उजाडलं म्हणून गेलं ते!"

"हो ना, मालक," टोपली उचलत रैनाबाई म्हणाली. "आपली वेळ संपली, हे एवढ्याशा पाखराचं ऐकून अस्वलालासुद्धा कळतं. आता तुम्हीही उतरा. आम्हाला फुलं वेचायची आहेत."