झाडलेले शेत

एका जंगलाच्या कडेला, ओढ्यापलीकडच्या उतारावर, एक साळू आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. बिळासमोरच्या लहानशा शेतात ती दर वर्षी रताळी लावी. फक्त रताळीच, कारण पिल्लांना दुसरे काही गोड लागत नसे. साळू फार कष्टाळू होती, पण तिला स्वच्छतेचे भारी वेड. शेतात एक वाळके पान दिसले तरी तिला चैन पडत नसे. रताळी काढून झाली की ती वेल आणि पाने गोळा करी, शेपटीच्या काट्यांनी सारे शेत अंगणासारखे लख्ख झाडी आणि पाला बांधावरून पलीकडे फेकून देई.

बांधापलीकडे एका सशाचे शेत होते. ससा इतका भित्रा, की घारीची सावली पडली तरी त्याची बोबडी वळे. उघड्या जमिनीवर पाऊल टाकायची त्याची छाती होत नसे. म्हणून त्याने शेतभर लपायची सोय करून ठेवली होती. ज्वारीच्या मधे तूर आणि खाली पसरलेली मटकी. ज्वारी निघाली तरी तूर उभी असे, तूर निघाली तरी धसकटे आणि पाचोळा जागच्या जागी. साळू बांधावर उभी राहून त्याची खरडपट्टी काढी, "अरे, हे शेत आहे की उकिरडा? जरा लाज वाटू दे!" ससा आपला "हो ताई, उद्या झाडतो हं," असे म्हणून तुरीत शिरे. तिने फेकलेल्या पाल्याबद्दल तक्रार करणे तर लांबच, उलट लपायला आणखी जागा झाली म्हणून त्याला बरेच वाटे.

अशी बरीच वर्षे गेली. साळूची माती फिकट होत चालली. पाऊस पडला की पाणी वरच्या वर वाहून जाई, ऊन तापले की जमीन खापरासारखी कडक होई. रताळी दर वर्षी आणखी बारीक निघू लागली. साळूला वाटे, आपल्या झाडण्यातच काही कसर राहते आहे. मग ती आणखी लवकर उठून आणखी जोरात झाडू लागली. मुलांनो, तिला हसू नका. पिल्लांसाठी बिचारी जिवाचे रान करत होती, फक्त उलट्या दिशेने.

एका वर्षी पावसाने मोठी ओढ दिली. साळूने शेत खणले, तर निघाली करंगळीएवढी मूठभर रताळी. पिल्लांनी ती एका घासात संपवली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. समोर सारा हिवाळा होता. "चला रे बाळांनो," साळू म्हणाली, "ही जमीन आपल्यावर रुसली. दुसरीकडे कुठंतरी बघू."

वाट सशाच्या शेतातून जात होती. बांध उतरताच साळूचा पाय मातीत रुतला. माती काळीभोर, मऊ आणि एवढ्या उन्हातही ओलसर होती. एका पिल्लाने सहज उकरले, तर आतून त्याच्या डोक्याएवढे रताळे निघाले! साळूचे सगळे काटे ताठ उभे राहिले. "चोरा! माझी रताळी चोरून लावलीस?"

ससा लटपटत तुरीतून बाहेर आला. "नाही हो ताई! तुम्ही फेकलेल्या वेलांना इथं मुळं फुटली. मी वरची पानं तेवढी खाल्ली. खाली काय आहे, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"आणि ही माती? हिच्यात काय घातलंस तू?"

"मी काय घालणार? घारीच्या भीतीनं झाडलं नाही, एवढंच. घातलं ते तुम्हीच. दर वर्षी, बांधावरून."

साळूने पायाखालची माती हातात घेऊन पाहिली. मुलांनो, हिरवे पान हवेतला कर्ब ओढून घेते. पान आणि मुळे मातीत मुरली की त्यातला काही कर्ब मातीत साठून राहतो. त्यानेच माती काळी होते, मऊ राहते आणि पाणी धरून ठेवते. साळूने आपल्या मातीच्या ताटातला घास दर वर्षी उचलून शेजारी वाढला होता. तिचे डोळे भरून आले.

पिल्लांना घेऊन साळू घर सोडून निघाली आहे, हे सशाने ओळखले. तो घाबरत घाबरत म्हणाला, "ताई, रताळी तुमचीच आहेत, हिवाळाभर पुरतील. पण जाऊ नका. मला रागवायला तरी कोण राहील?"

रडता रडता साळूला हसू फुटले. "नाही जात. पण थोडी तूर दे बियाण्याला. मटकीही दे. माझीही जमीन आता उघडी ठेवणार नाही."

पुढच्या वर्षी साळूच्या शेतात रताळ्यांच्या शेजारी तूर आणि मटकी डोलत होती. एके दिवशी तुरीचे एक वाळके पान तिच्या पुढ्यात पडले. सवयीने तिची शेपटी वर गेली. क्षणभर ती तशीच थांबली. मग तिने शेपटी हळूच खाली घेतली आणि पान जिथे पडले होते तिथेच राहू दिले.

तात्पर्य : जमिनीतून पीक घेताना तिच्या वाट्याचा पाला तिच्यासाठी ठेवावा आणि तिला निरनिराळ्या पिकांची सोबत द्यावी, कारण जी माती पोटभर जेवते, तीच अडचणीच्या दिवसांत आपल्याला जेवू घालते.