तांबट आळीची वाटी

“पाडून टाका ती आळी! तिथे आमचा हत्तीखाना होईल,” राजा अमृतसेनाने फर्मावलं.

तांबट आळीतली चाळीस कुटुंबं बेघर होणार होती! एके काळी तिथल्या हातोड्यांच्या ठोक्यांनी अख्खं शहर जागं व्हायचं. मग वेशीबाहेर नवा बाजार भरू लागला आणि जुन्या आळीकडे कुणी फिरकेना. कोरीव दारांना वाळवी लागली, घडवलेल्या वाट्या धूळ खात पडल्या. हे सगळं ऐकून घ्यायला राजाला सवड नव्हती. राजांना ती कधी असते?

“महाराज, आळी मेलेली नाही. तिला नुसती डुलकी लागलीय!” दरबारात मागून आवाज आला. बोलली ती म्हाताऱ्या मार्तंड तांबटाची सून, द्वारकी. सासऱ्याने कपाळाला हात लावला.

“डुलकी? मग उठव तिला!” राजा म्हणाला. “आठव्या दिवशी मी पालखीतून येईन. गर्दीत पालखी अडकली तर आळी राहील. आरपार गेली, तर हत्ती आलेच म्हणून समज! आणि हो, दवंडी पिटायची नाही, कुणाला बोलावणं धाडायचं नाही, खजिन्यातून छदाम मिळणार नाही!”

“बरं,” द्वारकी म्हणाली. जशी काही कुणी कोथिंबीर आणायला सांगितली होती!

सहा दिवस आळीतल्या भट्ट्या धगधगत होत्या. धुळीतल्या वाट्यांना झकास कल्हई झाली. सातव्या दिवशी बायकांनी कारळ्याची चटणी कुटली, वाट्या भरल्या आणि त्या घेऊन शहरात घरोघरी निघाल्या.

“सांगायचं काय गं?” सासूने विचारलं.

“‘चटणी केली होती, थोडी आणली.’ बास!”

“आणि वाटीचं?”

“वाटीचं अवाक्षर काढायचं नाही, आत्याबाई!”

आठव्या दिवशी सकाळी राजाची पालखी आळीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. पुढे बायकाच बायका! प्रत्येकीच्या हातात झाकलेली वाटी. कुणी शिरा आणला होता, कुणी करंज्या, कुणी नुसता गूळ. दुसऱ्या हातात कुणाचा गळका हंडा, कुणाचं चेपलेलं पातेलं. भोयांनी पालखी रेटून पाहिली. ती पुढेही जाईना, मागेही येईना!

“हे बोलावणं आहे! लबाडी!” राजा आतूनच ओरडला.

“कुणीही सांगावं, मी बोलावलं म्हणून!” द्वारकी म्हणाली.

एवढ्यात राजाला गर्दीत ओळखीचा शालू दिसला. “राणीसाहेब! तुम्ही इथे?”

“मग काय करू?” राणीने वाटीवरचा रुमाल सावरला. “काल ह्यांची वाटी आली. ती रिकामी परत धाडू? आपल्या घराण्याची अब्रू ती काय राहील!”

“अहो, पण दासीच्या हाती पाठवायची!”

“दासींकडेही एकेक आली होती. त्या केव्हाच पुढे गेल्या!”

राजाला हसू येत होतं, पण इतक्या लवकर हार मानेल तर तो राजा कसला! पालखीतून कसाबसा उतरत तो म्हणाला, “ठीक. आज आल्या. उद्या कोण येणार? उद्या इथे पुन्हा कुत्रीच लोळतील!”

“महाराज, त्यांचे दुसरे हात बघा. वाटीची झिलई पाहून प्रत्येकीला घरातलं काळवंडलेलं भांडं आठवलं. ती भांडी आज इथे दुरुस्तीला ठेवतील, उद्या न्यायला येतील. दुसरीकडे ठेवलेलं भांडं बायका विसरतात का?”

“छे! राणीसाहेबांचं एक फुलपात्र मेहुणीकडे राहिलंय. बारा वर्षं ऐकतोय मी!”

“आणि तरीही कुणी आलं नाहीच, तर एक जण नक्की येईल,” असं म्हणत द्वारकीने चटणीने भरलेली वाटी राजाच्या हातात ठेवली. “घरी न्या, महाराज.”

राजाने वाटीकडे पाहिलं, द्वारकीकडे पाहिलं, आणि मग तो असा खदखदून हसला की मुकुट सावरायला भोयाला धावावं लागलं. “म्हणजे ही परत करायला आता मलाच यायला हवं!”

“या की! फक्त रिकामी आणू नका!”

दुसऱ्या दिवशी राजा चालत आला. हातात वाटी, वर रेशमी रुमाल. द्वारकीने रुमाल उचलला. आत दोन कागद होते, दोन्हींवर राजाची मोहोर. पहिल्यात लिहिलं होतं, “हत्तीखाना रद्द.” दुसऱ्यात, “तांबट आळीतली दारं, छपरं आणि भट्ट्या सरकारी खर्चाने दुरुस्त कराव्यात.”