हाकेची शाल

फार जुन्या काळी, एका डोंगरावरच्या तळ्यात, एका खंड्या पक्ष्याचा नेम चुकला.

फांदीवरून त्याने सूर मारला, पाण्यात शिरला आणि रिकाम्या चोचीने वर आला. पुन्हा गेला, पुन्हा तसाच आला. मासा तर काठावरूनही दिसत होता. तळ्याचं पाणी इतकं नितळ होतं, की तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा.

काठावर बसलेल्या एका मुलीने ते पाहिलं आणि ती ताडकन उठली.

ही मुलगी त्या डोंगरावरच्या विद्यापीठात शिकत होती. सगळ्या शिष्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. पान गळून पडलं तरी ती दचकायची. मागून कुणी साद घातली तर तिच्या हातातलं भांडं हमखास खाली पडायचं. त्यामुळे तिला कसली धास्ती वाटली, तर बाकीचे शिष्य आधी हसून घेत आणि मग काय झालं ते विचारत.

पण तळं नितळ का होतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या आचार्यांनी एक रानवेल शोधून काढली होती. तिची साल कुटून गढूळ पाण्यात टाकली, की गाळ खाली बसायचा. आधी ती याच तळ्यात टाकून पाहिली होती. डोंगराखालच्या गावांत तळ्यांचं पाणी मातीच्या रंगाचं होतं आणि नदी लांब होती. बाया लुगड्याच्या पदराने पाणी गाळायच्या, तरी दाताखाली माती यायची. आचार्यांना त्यांची कीव आली होती. संशोधन चांगल्या मनाने झालं होतं, यात शंका नाही.

पारख मात्र अशी झाली: पाण्याच्या घागरीत पांढरा खडा टाकायचा, आणि तो वरून दिसला की पाणी चांगलं. पिऊन कुणीच पाहिलं नाही. डोंगरावर झरा होता. तळ्याचं पाणी प्यायची वेळ तिथे कुणावर येत नव्हती.

धाकटी धावत आचार्यांकडे गेली. "गुरुजी, खंड्या चुकतोय!"

"काय चुकतोय?"

"नेम. त्याला मासा दिसत नाहीये."

आचार्य हसले. "म्हातारा झाला असेल. आम्ही नाही का झालो!"

"पण त्याची पिल्लंही चुकतायत, गुरुजी."

आचार्यांचं हसू थांबलं. ते तळ्याकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाळ, उद्या हाकेचा दिवस आहे. सगळा जन्म मी त्या कड्यावर दुसऱ्यांचं कौतुक करत उभा राहिलो. तुझ्या शंकेचं आपण परवा बघू."

हाकेच्या दिवसाची रीत जुनी होती. वर्षातून एकदा विद्यापीठातले सगळे आचार्य कड्यावर जमत. एकेकाने पुढे येऊन आपलं संशोधन एका वाक्यात ओरडून सांगायचं. खालच्या ज्या गावांनी ते उचललं असेल, ती गावं एका आवाजात उत्तर देत, "ऐकलं!" ज्याला सगळ्यांत जास्त गावं उत्तर देतील, त्याच्या खांद्यावर कुलगुरू मानाची शाल घालत. कुणाचं संशोधन खरं, हे कुणी विचारत नसे. कुणाचं दूरवर पोचलं, तेवढंच बघत.

त्या वर्षी आचार्यांनी हाक मारली, "वेलीची साल टाका, नितळ पाणी प्या!" आणि सगळी दरी उठली. "ऐकलं! ऐकलं! ऐकलं!" म्हाताऱ्या आचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुलगुरूंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाची शंका?"

हा प्रश्न नुसता विचारायचा असे. शंख फुंकणाऱ्याने शंख आधीच ओठांना लावलेला असे. धाकटी पुढे झाली, तिने तोंड उघडलं, आणि कानाशीच शंख वाजला. ती दचकली. शब्द घशातून आल्यापावली परत गेला. शाल खांद्यावर पडली.

आणि एकदा शाल पडली, की ज्याच्या खांद्यावर ती असेल त्याच्याखेरीज कुणालाही तो शब्द मागे घेता येत नसे.

धाकटी डोंगर उतरून आपल्या गावी गेली. गाव कड्याच्या अगदी पायथ्याशी होतं. आईने मायेने भात वाढला. पहिल्याच घासाला खडा लागला. दुसऱ्या घासाला आणखी एक. जिच्या भातात जन्मात कधी खडा सापडला नव्हता, ती ही आई!

"आई, डोळे कसे आहेत गं तुझे?"

"धुळीचे दिवस आहेत, बाई. अख्ख्या गावाचे तसेच झालेत."

धाकटीचा घास हातातच राहिला. ती तशीच उठली आणि पारावर जाऊन ओरडली, "ते पाणी पिऊ नका! नदीचं आणा!"

"नदी काय तुझ्या उशाशी आहे?" एक बाई फणकारली. "घागरी वाहून आमच्या कमरा मोडल्या, तेव्हा कुठे होतीस?"

"आणि शाल कुणाच्या खांद्यावर आहे गं?" एक म्हातारा म्हणाला. "तुझ्या?"

सगळे हसले. आईने तिचा दंड धरून तिला घरात ओढलं. "लहानपणी सावलीला भ्यायचीस. आता पाण्याला भी!"

धाकटी पुन्हा डोंगर चढली. आचार्य शाल पांघरून उन्हात बसले होते.

"गुरुजी, तुम्ही हाक मारा. ते तुमचंच ऐकतील."

"काय ओरडू? मी चुकलो म्हणून?"

"हो."

"तुझी खात्री आहे?"

धाकटीला 'हो' म्हणायचं होतं. पण तिला खोटं बोलता येईना. "नाही."

"मग?"

"खात्री नाही म्हणूनच थांबवायला हवं ना, गुरुजी?"

आचार्यांनी उकडत असूनही शाल घट्ट ओढून घेतली. "पुढच्या हाकेच्या दिवशी बघू," ते म्हणाले.

मग धाकटी एकटीच कड्यावर उभी राहिली. रोज उभी राहू लागली. "पाणी पिऊ नका!" ती ओरडायची. समोरच्या डोंगरावरून तिचाच आवाज परत यायचा. सुरुवातीला ते उत्तर वाटून ती कड्याच्या टोकापर्यंत धावायची. मग तिला तो फरक कळू लागला. शाल नसलेल्या हाकेला ओ द्यायची रीत खाली नव्हती. वर कुलगुरू म्हणाले, "ओरडू दे तिला. थकेल आपोआप."

दिवस गेले. ऋतू पालटला. गुरं उभ्या पिकात शिरू लागली आणि त्यांना हाकलायला कुणी येईना. मग एके दिवशी वरून नवंच काही दिसलं. प्रत्येक घराच्या दारापासून तळ्यापर्यंत एकेक दोर ताणून बांधला होता. बाया एका हाताने दोर चाचपत, दुसऱ्या हाताने कमरेवरची घागर सावरत चालल्या होत्या. त्याच पाण्याकडे.

धाकटीने आचार्यांना हाताला धरून कड्यावर आणलं. त्यांनी दोर पाहिले. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. शाल खांद्यावरून घसरून मातीत पडली. ती कुणी उचलली नाही.

धाकटी पुन्हा कड्याच्या टोकाशी गेली आणि उरलंसुरलं बळ एकवटून ओरडली, "पाणी पिऊ नका!"

तिचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. आणि त्याच्या मागोमाग, खालून, एक बारीकसा दुसरा आवाज आला.

"ऐकलं गं!"

तो आवाज तिने हजारांत ओळखला असता. "आई! ते पाणी..."

"सोडलं, बाई, सोडलं." डोक्यावर सूर्य तापत होता. "पण मला एक सांग, पोरी. ऊन तर अंगाला लागतंय. मग अजून उजाडत का नाही?"

तात्पर्य: शब्द किती दूर पोचला हे पाहून मान देण्याआधी तो खरा आहे का हे विचारावं, कारण शब्द मागे घेता येतो, त्याने नेलेलं परत येत नाही.