रवळू तारीच्या पाच जागा

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका गावात एक तारी राहत होता. गावाचं नाव माडवेळ आणि तारीचं नाव रवळू. पलीकडच्या काठावरून घाटाकडे जाणारा रस्ता होता. माणसांना होडीत बसवून त्या काठाला पोचवायचं आणि तिकडची माणसं इकडे आणायची, हा त्याचा धंदा. वल्हं मारता मारता त्याने आपल्या गावचा सगळा परिसर नजरेत भरून घेतला होता. कुठे सुरूच्या बनात वारा गातो, कुठे रानात झरा झिरपतो, सगळं त्याला पाठ.

या माडवेळात एक जुनी रीत होती. तिला गावपळण म्हणायचे. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात देवाचा कौल मिळाला, की सगळा गाव दारं ओढून घेऊन वेशीबाहेर पडायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी म्हणून मागे राहायचं नाही. तीन दिवस आणि तीन रात्री बाहेर काढायच्या. कुणी किनारा धरायचं, कुणी रान. माडाच्या विणलेल्या झापांची खोप उभी करायची, तीन धोंड्यांची चूल मांडायची आणि निवांत बसायचं. गावालाही कधीतरी माणसांपासून सुट्टी नको का? म्हातारेकोतारे असंच म्हणत.

आणि हो, माडवेळात कुणी 'सापडला' म्हणत नाही, 'गावला' म्हणतात. कोंबडी गावली, चावी गावली, माणूस गावला. म्हणून तिथे एक म्हणणंच होतं, 'गावात जो गावत नाय, तो गावपळणीत गावता.' एरवी प्रत्येक जण आपापल्या कामात. या तीन दिवसांत मात्र सगळे एकमेकांना गावायचे.

जागा धरायची पद्धतही साधी. आवडलेल्या जागी तीन धोंडे मांडून ठेवायचे. धोंडे दिसले की दुसरा तिथे जायचा नाही. चूल एकदा पेटली, की जागा पक्की. मग तिसरा दिवस मावळेपर्यंत ती विझवायची नाही आणि जागाही बदलायची नाही. एका घराने एकाच ठिकाणी धोंडे मांडावेत, असा काही नियम नव्हता. कुणी जास्त ठिकाणी मांडील, हे देवाच्याही ध्यानात आलं नसावं.

त्या वर्षी रवळूचा आनंद गगनात मावत नव्हता. त्याची एकुलती एक लेक वेणू गावपळणीला माहेरी येणार होती. चार वर्षांपूर्वी ती घाटावर दिलेली. आता जावयाची बदली लांब उत्तरेत झाली होती. जायच्या आधी वेणूला तीनच दिवस मिळाले होते. चौथ्या दिवशी सकाळी तिला खाडीपार जाऊन गाडी धरायची होती. पुन्हा येणं कधी होईल ते देवालाच ठाऊक.

'माझ्या पोरीला बऱ्यातली बरी जागा दाखवायची,' असं रवळूने मनाशी ठरवलं. चार दिवस आधीच तो धोंडे गोळा करत फिरू लागला. सुरूच्या बनात तीन धोंडे मांडले. मग वाटलं, खाडीच्या मुखावरची वाळू जास्त चांगली. तिथेही तीन मांडले. मग रानातला झरा आठवला. मग जुन्या जांभळाखालची सावली आठवली. शेवटी डोंगराच्या खांद्यावरचा सपाट कातळ, जिथून खाली सगळा समुद्र दिसतो. अशा पाच जागा त्याने अडवल्या. 'वेणू आली की बघू, तिला कुठली आवडते ती,' म्हणाला आणि हात झटकले.

वेणू आली. होडीत बसल्या बसल्या तिने पाण्यात हात सोडला. चार वर्षांत खाडीचं पाणी काही बदललं नव्हतं. काठावर उतरताना ती म्हणाली, "बाबानू, यंदा आपण चुलीत कणगी भाजया. मागच्या टायमाक भाजलेली तशी. आणि तुमी होडयेच्यो गजाली सांगा." कणगी म्हणजे कोकणातले गोड कंद. निखाऱ्यात भाजलेली कणगी आणि बापाच्या गजाली, म्हणजे गोष्टी. घाटावर चार वर्षं वेणूने याच दोन गोष्टींची स्वप्नं पाहिली होती.

"भाजया गो," रवळू म्हणाला. "आदी जागा तरी बघ!"

पहिल्या दिवशी ते सुरूच्या बनात गेले. काय सांगू तुम्हाला ती जागा! सुरूच्या काड्यांची मऊ गादी, वर वाऱ्याचं गाणं, समोर निळं पाणी. वेणू तिथेच पाय पसरून बसली आणि डोळे मिटून घेतले. तिच्या आईने, द्वारकेने, कणग्यांची पिशवी सोडली.

"चूल पेटवया?" वेणूने विचारलं.

रवळू वाऱ्याकडे तोंड करून उभा होता. "वारो जरा जास्त आसा. खाडीच्या मुखावर बरां वाटात. थांब गो बाये, जागा ठरांदे."

गोळा केलेलं सामान पुन्हा डोक्यावर चढलं. खाडीच्या मुखावर वाळू चांदीसारखी होती. पांढरे बगळे एका पायावर उभे होते. गोडं पाणी आणि खारं पाणी एकमेकांत हलकेच मिसळत होतं. वेणूला तिथे वाटलं, आपण जागे आहोत की झोपेत? पण रवळूला वाळू ओलसर वाटली. चूल पेटलीच नाही. त्या दिवशी तिघांनी गूळपोहे खाल्ले आणि उशाला पिशव्या घेऊन आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी रान. झऱ्याकाठी नेचे वाढले होते. पानांतून ऊन गाळून यावं तसं येत होतं. कुठेतरी एक पक्षी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. वेणू आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. तेवढ्यात रवळूच्या पायाला तांबडी मुंगी चावली.

"हयसर हुमले आसत," तो उठलाच. "चला जांभळाखाली."

जांभळाखाली सावली भरपूर होती. रवळूला मात्र तिथून समुद्र दिसेना. चूल पेटवली असती तर जागा पक्की झाली असती ना? म्हणून तर तो काडी ओढू देत नव्हता. पेटवून बसलो आणि दुसरी जागा हिच्याहून बरी निघाली तर? हा एकच किडा त्याचं डोकं पोखरत होता.

द्वारकेचा धीर सुटला. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "लग्नाआदी माका बगूक इल्लास तेव्हा एवढी पारख केल्लास नाय ती!"

वेणू खळखळून हसली. रवळूही हसला. हसता हसता त्याने सामान उचललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं डोंगराच्या खांद्यावर पोचली. खाली समुद्र, किनाऱ्याला फेसाची बारीक किनार, रानातून ठिकठिकाणी वर चढणारे धुराचे धागे. प्रत्येक धाग्याखाली एक चूल, प्रत्येक चुलीभोवती एक घर. वेणू ते धागे मोजत उभी राहिली. रवळू मात्र पुढच्या डोंगराकडे बघत होता.

"त्या पलीकडे एक तळी आसा," तो म्हणाला. "लहानपणी बघितलेली. कमळां असतीत. तुमी हयच बसा, मी बघून येतंय. ती बरी असली तर थयच चूल घालूया."

"बाबानू," वेणू म्हणाली, "आज तिसरो दिवस."

"ह्यो गेलंय आणि ह्यो इलंय!"

तळी होती. कमळं मात्र नव्हती. शोधत शोधत तो आणखी पुढे गेला, वाट चुकला, पुन्हा वाटेला लागला. कातळावर परत आला तेव्हा ऊन कलंडलं होतं. तिथे कुणीच नव्हतं. मांडलेले तीन धोंडे तेवढे होते. थंडगार.

रवळू तसाच मागे फिरला. तो जांभळाखाली धावला, तिथे तीन धोंडे. झऱ्याकडे धावला, तिथे तीन धोंडे. पाच जागा होत्या त्याच्या, पण आपलं माणूस कुठेच गावेना.

रान संपतं आणि वाळू सुरू होते, तिथे वाटेच्या कडेला एक ओबडधोबड खडकाळ तुकडा आहे. कुणी कधी तिथे खोप घालत नाही. त्या संध्याकाळी तिथे धूर दिसला. शेजारची भागूकाकी तिथे चूल घालून बसली होती. एकटी, म्हातारी, गुडघ्यांनी अधू. आणि तिच्या चुलीपाशी वेणू बसली होती. द्वारका बाजूला पेज ढवळत होती. येणारे-जाणारे वाटेवर थांबत होते, दोन शब्द बोलत होते, एखादा घास खात होते. तिघी हसत होत्या.

"ये रे रवळ्या," काकी म्हणाली. "बस."

रवळू मटकन बसला. उगाच विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "काकी, तू हयसर कशी? तू तर दर टायमाक जांभळाखाली असतंस."

"असतंय रे. यंदा थय कोणाचे तरी धोंडे होते. म्हटलां, असांदे. म्हातारीक काय, खयपण चलता."

रवळूची मान खाली गेली. वेणूने राख बाजूला सारली आणि एक कणगी काढून त्याच्या हातावर ठेवली. दुपारपासून त्याच्यासाठी राखून ठेवलेली. वरून पार कोळसा झाली होती. त्याने सोलली, तेव्हा आत मधोमध बोटभर गर उरला होता. तो मात्र गोड होता.

तेवढ्यात देवळाच्या बाजूने ढोल वाजला. तिसरा दिवस मावळला होता.

चौथ्या दिवशी कौल मिळाला आणि गाव पुन्हा गावात शिरला. रवळूने होडी सोडली. पाण्यावर पातळ धुकं होतं. वेणू समोर बसली होती, मांडीवर गाठोडं. रवळूने आयुष्यात इतकं हळू वल्हं कधी मारलं नव्हतं. पण खाडी ती खाडी, कितीही हळू गेलं तरी पलीकडचा काठ यायचाच.

"जागा पाच बघितलंव, बाबानू," वेणू हळूच म्हणाली. "सगळ्यो बऱ्यो होत्यो. पण तुमी काय गावलास नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं रवळूला वाटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही.

गाडी गेल्यावर तो परत आला. पाचही जागी गेला. चार जागांचे धोंडे त्याने उचलून दूर ठेवले. जांभळाखालचे मात्र राहू दिले आणि त्यांवर एक हिरवं पान ठेवलं. ती जागा काकीची.

चार वर्षं गेली. पुन्हा मार्गशीर्ष आला, पुन्हा कौल मिळाला. वेणूचा निरोप आला, ती येत होती. यंदाही तीनच दिवस.

लोक जागा धरायला धावले. रवळू कुठेच गेला नाही. होडीचा धक्का वेशीबाहेरच होता. धक्क्याला लागून जी उघडी वाळू होती, ना सावली ना झरा, तिथेच त्याने पहाटे तीन धोंडे मांडले, काडी ओढली आणि निखाऱ्यात कणग्या पुरल्या. द्वारकेला चुलीपाशी बसवून तो होडी घेऊन पलीकडे गेला.

होडी अर्ध्या खाडीत आली, तेव्हा वेणूला धुक्यात धुराचा एक धागा दिसला. सरळ वर चढणारा.

"कोणाची चूल ती?"

"आपली."

"धक्क्यार? बाबानू, ही काय जागा झाली? बघितलास तरी खय?"

"जागा नाय बगूक," रवळू म्हणाला. "चल, कणगी करपतीत."

वेणू त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने चार वर्षांपूर्वीसारखाच पाण्यात हात सोडला आणि हसून म्हणाली, "गावलास, बाबानू!"

तात्पर्य: चांगल्या जागेचा शोध संपत नाही, आपल्या माणसांसोबतचे दिवस मात्र संपतात, म्हणून आधी चूल पेटवावी, तिच्याभोवती आपली माणसं बसली की तीच जागा सगळ्यांत चांगली.