पाहुण्यांचा निळा कप

“मग ती आठ महिन्यांत ‘शकू-चान’ झाली, आणि मी बारा वर्षं ‘धारप-सान’च का?”

रेवतीने हे विचारलं तेव्हा जठार सेन्सेई मटार सोलत होत्या. त्यांनी शेंग दाबली, दाणे वाटीत पाडले, टरफल बाजूला ठेवलं.

“सेन्सेई, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं. ... ओगावा-सान किती वाजता येणार म्हणाले?”

“चारला.”

“मग अजून पाऊण तास आहे,” सेन्सेई म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या या घराच्या पडवीत त्या चाळीस वर्षं जपानी शिकवत होत्या, म्हणून सगळ्यांच्या ‘सेन्सेई’, म्हणजे बाई. आता वय शहात्तर. येत्या जूनपासून वर्ग कुणाच्या तरी हाती सोपवायचा आणि आपण रत्नागिरीला धाकट्या बहिणीकडे राहायचं, एवढं ठरलं होतं. कुणाच्या हाती, ते त्या बोलल्या नव्हत्या.

बोलायचं काय त्यात, असं रेवती धरून चालली होती. सगळ्या परीक्षांचा अभ्यास तिने याच पडवीत बसून केला होता, आणि सगळ्यात वरची ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती. लग्नानंतर आडनाव बदललं नाही. सासरी तिने तत्त्वाचं काहीतरी कारण सांगितलं. खरं कारण एवढंच, की सेन्सेईंच्या तोंडून आदराचं ‘सान’ लावून ‘धारप-सान’ ऐकायची कानाला सवय झाली होती.

मग लेक झाली. वर्षभर तिला पडवीकडे फिरकता आलं नाही. आणि परत आली, तर तिच्या खुर्चीवर शकुंतला गांगुर्डे. सेन्सेई त्यांना लाडाचं ‘चान’ लावून ‘शकू-चान’ म्हणायच्या.

गांगुर्डेबाई छप्पन वर्षांच्या. एसटी स्टँडवर माइकवर बसणाऱ्या. कळवणची गाडी कुठल्या फलाटावर लागली, सटाण्याची किती उशिरा सुटणार, हे सगळ्या जिल्ह्याने त्यांच्याच आवाजात ऐकलेलं. जपानी शिकल्या त्या मुलाच्या मोबाइलवर कार्टून बघून. लिहिता येत नव्हतं धड, पण उच्चार असा, की डोळे मिटून ऐकावा.

ते रेवतीला जास्त लागायचं.

आणि तो कप. सेन्सेईंनी नागोयाहून आणलेली निळ्या कपांची जोडी होती, बशांसकट. गांगुर्डेबाईंना चहा त्यातल्या एकात मिळायचा. रेवतीला चिरा गेलेला पांढरा, तोही तिनेच फडताळातून काढून घ्यायचा आणि चहा झाला की सगळ्यांचे कप तिनेच विसळायचे. छप्पन वर्षांच्या बाईचा हेवा करायचा, तोही कपावरून... रेवतीला स्वतःची लाज वाटायची. लाज वाटली म्हणून हेवा काही कमी व्हायचा नाही.

सेन्सेईंनी वाटी तिच्याकडे सरकवली. “चार शेंगा तूही सोल.”

रेवतीने आधी मोबाइल पाहिला. लेकीने नाचणीची खीर खाल्ली का, हे सासूबाईंना विचारून वीस मिनिटं झाली होती. उत्तर नव्हतं. तिने शेंग घेतली.

एवढ्यात फाटक वाजलं. ओगावा-सानांसाठी म्हणून गांगुर्डेबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी आपली ओळख करून देण्याची तालीम सुरू केली. आधी आडनाव, मग नाव, जपानी माणसं सांगतात तसं. आधी घर, मग आपण. मग मुलाबद्दल एक वाक्य, आणि त्यात मुलाच्या नावाला त्यांनी ‘सान’ लावलं.

रेवतीने ती चूक जमिनीवर पडूसुद्धा दिली नाही.

“मुलाला सान नाही लावायचं, गांगुर्डे-सान. परक्यापुढे आपल्या माणसाचं नाव नुसतंच घ्यायचं. सान लावलंत, की तुम्ही त्याला घराबाहेर उभं केलंत.”

“असं का... कार्टुनात लक्षात नाही आलं बघा, ताई.”

“कार्टुनात कसं येणार? ती मुलांसाठी असतात.”

हे तिला म्हणायचं नव्हतं. म्हणजे, म्हणायचं होतं, पण इतकं ऐकू जाईल असं नव्हतं. सेन्सेईंचा हात शेंगेवर थांबला.

गांगुर्डेबाई रागावल्या नाहीत. मुलांसाठीचीही असतात, त्या म्हणाल्या, पण आपण बघतो ती वेगळी. मालक गेले त्याला तीन वर्षं झाली. घरी टीव्ही लावला की सगळ्या मालिकांत माणसं एकमेकांवर ओरडत असायची. मुलाने हे लावून दिलं, तर त्यात एक बाई तांदूळ धूत होती. पाणी पांढरं, मग कमी पांढरं, मग स्वच्छ. मध्ये कुणी बोललं नाही, वाजलं नाही. आपल्या हातांकडे कुणीतरी बघतंय, असं पहिल्यांदा वाटलं.

“आणि एकात तो आणि ती शेजारीशेजारी काम करतात,” त्या म्हणाल्या. “अकरा भाग तो तिला आडनावाने हाक मारतो, सान लावून. रोज एकाच रस्त्याने घरी जातात. बाराव्यात तो नुसतं नाव घेतो. बाकी काही होत नाही. ती थांबते, बस.”

रेवतीने हातातली शेंग सोलली.

“मी रडले, ताई. आमच्या ह्यांनी तेहतीस वर्षांत मला नावाने हाक मारली नाही. ‘ऐकलंस का’ म्हणायचे. मी ऐकायची.”

रेवतीला काहीतरी बरं बोलावंसं वाटलं. पण तेवढ्यात ओगावा-सान आले.

ओगावा-सान ऐंशीला आलेले, बारीक. सेन्सेई तरुणपणी नागोयाच्या कारखान्यात दुभाषी होत्या, तेव्हापासूनची ओळख. वर्गाला पुस्तकं तेच पाठवायचे. सेन्सेई जाणार हे कळल्यावर यापुढे व्यवहार कुणाशी ठेवायचा, ते बघायला आले होते.

सेन्सेई उठल्या. जपानीत म्हणाल्या, “या गांगुर्डे शकुंतला-सान.” गांगुर्डेबाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला.

मग सेन्सेई मान किंचित मागे वळवून म्हणाल्या, “आणि ही धारप.”

नुसतं... धारप.

रेवतीचे कान तापले. वाकायचं तेवढी ती वाकली. पुढचा अर्धा तास काय बोलणं झालं ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गांगुर्डेबाईंच्या उच्चारावर ओगावा-सान खूश होते, एवढं दिसत होतं. दोघांच्या हातात निळे कप होते. सेन्सेईंनी तिला हाक मारली ती दोनदाच. “धारप, साखर.” “धारप, पुस्तकांची यादी.”

निघताना ओगावा-सानांनी विचारलं, की मग जूनपासून पत्रं कुणाच्या नावाने पाठवू?

“धारपच्या,” सेन्सेई म्हणाल्या.

ओगावा-सान वळले आणि रेवतीपुढे वाकले. मघापेक्षा जास्त, आणि मघापेक्षा जास्त वेळ. तिला वाटलं, म्हातारा माणूस आहे, उठायला वेळ लागत असेल.

पत्रं तिच्या नावाने. म्हणजे टपाल, याद्या, साखर, सगळी हमाली तिची, आणि साधं सानसुद्धा नाही. तिने कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ जरा जोरातच सोडला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने नळावर ढकललं. मोबाइल वाजला. खीर अर्धी खाल्ली, अर्धी सांडली. तिला वाटलं, आपल्याला कुठलंच काम धड जमत नाही.

मागे पावलं वाजली. गांगुर्डेबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा रेवतीने असा पाहिला नव्हता. ओठ मिटलेले, नजर कपांवर.

“ताई, एक बोलू? वाईट नका वाटून घेऊ.”

“बोला.”

“मला आज तुमचा हेवा वाटला.”

रेवतीचा हात नळाखाली तसाच राहिला.

“माझा?”

“आठ महिने झाले मला इथं. निळा कप, चान काय, सान काय... फार गोड बोलतात सेन्सेई. मला वाटायचं, आपण रुळलो.” त्या थांबल्या. माइकपुढे कधी न अडखळणारा आवाज अडखळला. “आज परक्या माणसापुढे त्यांनी माझ्या नावाला सान लावलं. तुमचं नुसतं घेतलं. तुम्हीच तर सांगितलंत ना मघाशी... आणि पत्रं तुमच्या नावाने. म्हणजे वर्ग तुमचाच की.”

पाणी वाहत होतं. रेवतीने नळ बंद केला.

मघाशी. दाराबाहेर, पडवीत, तिनेच. किती खुशीत सांगितलं होतं.

बारा वर्षांतलं तिला एकेक आठवू लागलं. फडताळ आपलं आपण उघडणं. न विचारता मटार सोलायला मिळणं. चिरा गेलेला कप सेन्सेई फेकून देत नव्हत्या, दुसऱ्या कुणाला देतही नव्हत्या. तिच्या बाळंतपणाच्या वर्षात तो फडताळात मागे सरकवून ठेवलेला होता, पालथा, धूळ बसू नये म्हणून.

तिच्या छातीत काहीतरी भरून आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, तिला कळायच्या आत, दुसरंही काहीतरी आलं. गांगुर्डेबाईंनी पदर खोचला होता आणि त्या निळ्या कपाकडे हात पुढे करत होत्या.

“द्या इकडे, ताई. निदान माझा मी विसळते.”

“नको, राहू द्या.” रेवतीने कप आपल्याकडे ओढला. “तुम्ही बसा बाहेर. तुम्ही पाहुण्या.”

गांगुर्डेबाईंचा हात हवेतच राहिला.

दारात सेन्सेई कधी येऊन उभ्या राहिल्या, दोघींनाही कळलं नाही. हातात मटारच्या टरफलांचं ताट होतं. त्यांनी गांगुर्डेबाईंच्या ओल्या न झालेल्या हाताकडे पाहिलं, मग रेवतीच्या घट्ट मुठीकडे.

“सेन्सेई, मी फक्त...”

“धारप-सान,” मघाशी गाळलेलं ‘सान’ नीट उच्चारून त्या म्हणाल्या, “तो कप तिला विसळू दे.”