पाण्यावरून ऐकलेली वीणा

फार फार वर्षांपूर्वी, माणसं वाटा कानांनीही ओळखत असत तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी झोपेचं सोंग घेऊन ऐकावी.

एका तळ्यावर रोज संध्याकाळी धुकं उतरायचं. दुधावर साय धरावी तसं ते पाण्यावर धरायचं. मग गावाला तळं दिसायचं नाही आणि तळ्यातल्या कोळ्यांना गाव. घाटावर बसून एक वादक वीणा छेडायचा, आणि त्या सुरांच्या मागाने होड्या घरी यायच्या. त्याची एकुलती एक लेकही अशीच होडी वल्हवत परतायची.

एकदा त्याची जुनी वीणा तडकली. कारागिराने दोन नव्या वीणा पुढे ठेवल्या. वादकाने दोन्हींवर निरनिराळ्या तारा चढवून पाहिल्या. नाजूक वीणेवर बारीक पोलादी तारा इतक्या गोड वाजल्या की त्याला भरून आलं. फणसाच्या लाकडाची दुसरी वीणा जरा दांडगीच होती. तिच्यावर पितळेच्या जाड तारा घोगऱ्या वाटल्या.

"हिचा घसा बसलाय," तो हसून म्हणाला, आणि नाजूक वीणा घेऊन निघाला.

त्या संध्याकाळी घाटावर बायका घागरी भरायच्या विसरल्या. म्हातारेकोतारे माना डोलावत बसले. होडी मात्र एकही आली नाही. वादक वाजवतच राहिला. बोटं सोलली, तरी थांबला नाही.

सकाळी धुकं विरलं, तेव्हा होड्या पार पलीकडच्या लव्हाळ्यात अडकलेल्या दिसल्या. लेक काकडत घरी आली.

"बाबा, काल तुम्ही वाजवलं का नाही? आम्ही किती कान लावून बसलो होतो."

वादकाने सोललेली बोटं उपरण्यात लपवली. त्याला फार लाज वाटली.

त्या दिवशी भीतीने कोणी तळ्यात गेलं नाही. संध्याकाळी वादकाने होडीला लांब दोर बांधला, त्याचं टोक घाटाला अडकवलं आणि कारागिराकडून ती घोगरी वीणाही मागून आणून दोन्ही वीणा लेकीपुढे ठेवल्या.

"मी आत गेलो की आधी ही नाजूक छेड, मग ती घोगरी."

तो धुक्यात शिरला. आधी काहीच ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, पोरगी विसरली. मग पाण्यालगत एक घोगरा सूर हळूहळू चालत आला, होडीच्या फळीत शिरला आणि त्याच्या तळपायांना लागला. वादक एकटाच बसून रडला. काल पाण्यावर आपली लेक किती एकटी होती, हे त्याला आता कळलं.

दुसऱ्या दिवसापासून घाटावर घोगरी वीणा वाजू लागली. काठावरच्या रसिकांनी नाकं मुरडली, काही तर उठून गेले. होड्या मात्र एकामागून एक सरळ घाटाला लागल्या, आणि सर्वांत पुढे त्याची लेक होती.

म्हणून सांगतो, ज्याच्यासाठी वाजवायचं, त्याच्या जागी बसून आधी ऐकावं.