आढ्याला टांगलेले वेळू

फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनो, मोठ्यांनो, एका डोंगरी राज्यात खिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथे दोघे भाऊ राहत. थोरला लढाईचे जड बाण घडवी. अंगठ्याएवढा जाड भरीव वेळू, पुढे चिलखत फोडणारं लोखंडी टोक, मागे गिधाडाची पिसं. धाकटा त्याच्या हाताखाली पिसं बांधी.

एकदा शत्रू खिंडीत शिरला. गावाने त्याला मागे रेटलं, पण थोरला परत आला नाही.

धाकट्याचा पाय घरात ठरेना. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात. शत्रू पुन्हा येणार होता आणि बाण संपले होते. तो कोयता घेऊन रानात धावला आणि हिरवेगार वेळू तोडून आणले.

वहिनीने वर बोट दाखवलं. चुलीच्या वर, आढ्याला थोरल्याने वेळूंचा भारा टांगला होता. धूर खाऊन तो काळा आणि टणक झाला होता.

"भावजी, हे घ्या. वाळलेत."

"हात लावू नकोस! दादाच्या हातची गाठ आहे ती."

"सोडायलाच बांधली होती त्यांनी."

"तुला काय वहिनी, तुझं रडून झालं!"

वहिनी चुलीत फुंकर घालत राहिली.

त्याने ओले वेळू निखाऱ्यांवर भराभर शेकले. वरून वाळले, आतून ओलेच राहिले. लाखेने टोकं बसवली, पिसं आवळली. गावचा नायक बाण हातात घेऊन हसला. "अरे, हा बाण की ऊस?"

"शत्रूला विचारा उद्या!" धाकटा फणकारला.

दुसऱ्या दिवशी शत्रू आला. धाकट्याने थोरल्याचं धनुष्य कानापर्यंत ओढलं आणि सोडलं. मागून दोरीचा धक्का, पुढे लोखंडाचं ओझं. मधला ओला वेळू तडकला. त्याची ढलपी धाकट्याच्या डाव्या तळहातातून आरपार गेली. इतरांचे शिकारीचे हलके बाण चिलखतांवरून घसरू लागले. नायकाने दगड लोटून कशीबशी सांजेपर्यंत खिंड धरली.

हात बांधून धाकटा घरी आला आणि चुलीपाशी उभा राहिला.

"वहिनी, भारा खाली घे."

गाठ घट्ट होती. एक हात त्याचा, दोन तिचे. गाठ सुटली आणि भाऊ गेल्यापासून तो पहिल्यांदा रडला. वहिनीही रडली. मग तो सांगत गेला, ती बांधत गेली. उजाडताना ते जड बाण नायकाच्या हाती पडले आणि शत्रूची चिलखतं फुटली. खिंड राहिली, गाव राहिलं.

धाकट्याची मूठ मात्र पुन्हा कधी वळली नाही. धनुष्य त्याला धरता आलं नाही. उरलेले हिरवे वेळू त्याने वहिनीच्या मदतीने आढ्याला टांगले आणि गाठ अशी मारली, की कुणालाही सहज सोडता यावी.

तात्पर्य: गेलेल्या माणसाने मागे ठेवलेलं नुसतं जपू नये, ते कामी लावावं.